सीडीवरचं कुंकू

खरवईच्या नूतनने दोन प्लेअर मारले, असं तिचा धाकटा दीर कल्पेश पाहुण्यांना रंगवून सांगायचा. मारले म्हणजे काय, तर तिच्या आईची सीडी लावली की मशीन थोडं गायचं, मग अडखळायचं आणि काही दिवसांनी कायमचं मुकं व्हायचं. "वहिनी, घरी भरलेली सीडी मशीन खाते," हा त्याचा निकाल. दोन दिवसांवर नूतनच्या लेकीची, ऋतिकाची हळद आली होती, आणि आपल्या नव्याकोऱ्या प्लेअरला तो ती सीडी काही केल्या शिवू देईना.

नूतनची आई चिमी लग्नात धवले गाणारी धवलारीण. तिच्याशिवाय त्या बाजूला कुणाचं हळदीचं पान हलत नसे. जाण्याच्या आदल्या वर्षी तिने घरातच बसून आपले धवले सीडीत भरून घेतले होते. ते दुसरीकडे कुठेच नव्हते. नातीच्या हळदीला आजीच गायला हवी, एवढाच नूतनचा हट्ट होता. बंद पडलेला प्लेअर आणि ती सीडी पिशवीत घालून ती उल्हासनगरला कमळाकर कारागिराकडे गेली.

दुसरा कुणी असता तर त्याने नवा प्लेअर गळ्यात मारला असता. कमळाकरने झाकण उघडलं, कापसाची काडी आतल्या इवल्याशा काचेवरून फिरवली आणि तिच्यासमोर धरली. कापूस लाल झाला होता.

"ताई, हे काय?"

"कुंकू," नूतन खालमानेने म्हणाली. "लावायच्या आधी बोट टेकवते. आई आहे ना त्यात."

हसला असता तर ती पिशवी उचलून निघालीच असती. पण तो हसला नाही. "घरी भरलेली सीडी मशीनला काय करत नाय, ताई. एखादं जुनं मशीन ती वाचणार नाय, पण बिघडणार पण नाय. वर चिकटवलेलं, लावलेलं मात्र त्रास देतं. सीडी गरगर फिरते, कुंकू उडतं आणि ह्या काचेवर बसतं."

मऊ फडक्याने त्याने सीडी आतून बाहेर, सरळ रेषेत हलकेच पुसली. मग ज्याला गिऱ्हाइकाला हात लावू देत नसे, तो स्वतःचा जुना प्लेअर त्याने खाली काढला आणि त्यात सीडी घातली.

"अहो, तुमचा बिघडला तर?"

"मग मी कारागीर कसला?"

चिमीचा आवाज दुकानभर झाला. नूतनला वाटलं, या माणसाच्या पाया पडावं. त्याने दुसरी सीडी भरून दिली. "ही वाजवा. आईंची डबीत ठेवा आणि कुंकू डबीला लावा."

घरी तिने सगळं सांगितलं. कल्पेश ऐकत राहिला. "त्याने स्वतःच्या मशीनला लावली?" एवढंच त्याने विचारलं.

हळदीच्या दिवशी मांडवात त्याने आपलाच नवा प्लेअर आणून ठेवला आणि सीडी स्वतःच्या हाताने लावली. बायका गप्प झाल्या. गाण्याआधी चिमीचं बोलणं आलं, पूर्वी घरात यायचं तसंच, जरा तापट: "नूतन, पंखा बंद कर गो. माजा आवाज वाऱ्यान जातंय."

नूतन सवयीने उठली. पण तिच्या आधीच कल्पेशने बटण दाबलं होतं. धवले संपेपर्यंत सगळा मांडव घामाने निथळत होता, आणि पंखा लावा असं कुणीही म्हटलं नाही.