व्याप्तीबाहेरचा लेख

“हा परत पाठवा. व्याप्तीबाहेरचा आहे,” असे म्हणून नव्या संपादकांनी वहीच्या झेरॉक्सचा गठ्ठा बाईंच्या टेबलावर ढकलला.

बाई भूजल संशोधनाच्या त्या त्रैमासिकात अठ्ठावीस वर्षे कारकून होत्या. ‘आपला लेख आमच्या पत्रिकेच्या व्याप्तीत बसत नाही’ हे पत्र त्यांनी इतक्यांदा टाइप केले होते, की बोटे आपोआप चालत. त्याचे त्यांना कधी काही वाटले नव्हते. कासवांवरचा लेख भूजलाच्या पत्रिकेत घ्यायचा तरी कशाला? पण हा गठ्ठा त्यांनी घरी नेऊन वाचला होता आणि जेवता जेवता नवऱ्यालाही ऐकवला होता.

लेखक बोअरचे पंप दुरुस्त करणारा मिस्त्री होता; गठ्ठा त्यानेच बाईंच्या हातात आणून दिला होता. पंप सोडताना पाणी लागेपर्यंत किती पाइप जोडावे लागले, ते तो दर वेळी वहीत लिहून ठेवी. एकशे चाळीस बोअर, बावीस वर्षे. सहा पाइपांवरचे पाणी एकोणीस पाइपांवर कसे गेले, ते तिथे तारीखवार होते.

“सर, बसतंय की हे व्याप्तीत.” बाईंनी अंकाचे पहिले पान उघडले. “‘प्रत्यक्ष पाहणीतून आलेली भूजलाची कोणतीही नोंद, लिहिणारा कोणीही असो.’ छापलंय आपणच.”

“ते कोण वाचतं, बाई? मी नवीन लिहिलंय ना! फक्त मान्यताप्राप्त संस्थांमधले संशोधक, फक्त संगणकावरची प्रारूपं. पत्रिका वर न्यायचीय आपल्याला.”

“ते पुढच्या अंकापासून. हा त्याआधी आलाय.”

“उगाच कीस काढू नका.”

बाईंचे डोके फिरले. ते पान दर अंकाला त्या तपासत आल्या होत्या, एक स्वल्पविराम इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता, आणि म्हणे कोण वाचतं! पत्रिकेचा एक नियम होता. आवक नोंदवहीत क्रमांक पडला की लेख दोन परीक्षकांकडे गेलाच पाहिजे. संपादकाला तो एकट्याने परत करता येत नाही. म्हणून सर आधी लेख चाळत आणि मगच क्रमांक घालायला देत. बाईंनी त्यांच्या डोळ्यांदेखत नोंदवही ओढली, क्रमांक घातला आणि लेखावर धाडकन शिक्का मारला.

“हे काय केलंत?”

“नोंद केली.”

“तुमची निवृत्तीनंतरची मुदतवाढ माझ्या सहीवर आहे. विसरलात वाटतं?”

“नाही विसरले. नका करू सही.”

सरांनी खरेच केली नाही. “एवढं अंगावर घ्यायची काय गरज होती?” नवरा म्हणाला. बाईंना भीती वाटत होती आणि फार बरेही वाटत होते.

परीक्षकांची मते आली. एकाने भाषा सुधारायला सांगितली. दुसऱ्याने लिहिले, की असल्या नोंदी मिळाव्यात म्हणून आपण जन्मभर धडपडलो. दोघांनीही ‘छापा’ म्हटले. सर चरफडले, पण शेवटच्या प्रुफात लेखकाच्या नावाखालची ओळ त्यांनी खोडलीच. “पंप मिस्त्री ही काय संस्था झाली?”

“नाही झाली. पण परीक्षकांनी वाचून मंजूर केलेला मजकूर आहे तो. खोडायचं कारण लिहून द्या, मी दोघांनाही कळवते.”

सरांनी पेन खाली ठेवले. ओळ राहिली.

अंक आला त्याच दिवशी बाईंची आधीची मुदत संपली आणि नोकरीही. अंक पिशवीत घालून, दोन बस बदलून त्या मिस्त्रीला शोधत गेल्या. एका इमारतीच्या मागे तो पंप वर खेचत होता.

“बाई, तुम्ही कशाला आलात? पोस्टानं यायचा होता ना?”

“येईल तोही. मला आता सवडच सवड आहे.”

मिस्त्री ओशाळला. “माझ्यापायी?”

“माझ्यापायी. बघा तर खरं.”

त्याने हात पँटला पुसले, निरखून पाहिले आणि मागे घेतले. “तुम्हीच धरा. डाग पडेल.”

बाईंनी अंक त्याच्या डोळ्यांसमोर धरला. नावावर तो फार रेंगाळला नाही. तक्ता आला तसा ओठ हलवत एकेक आकडा तपासू लागला. ऊन चढले, बाईंचे हात भरून आले, तरी त्यांनी अंक खाली केला नाही.

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “पान उलटा.”