फेसात अडकलेला आचारी

निळ्या आकाशाखाली निळा सागर, आणि त्या अथांग, अपार निळाईत एक काळीकुळकुळीत जपानी पाणबुडी. महायुद्ध ऐन भरात, अंदमानच्या दक्षिणेचा समुद्र, माथ्यावर तळपणारा सहस्ररश्मी. पोलादी उदरात घामेजलेले खलाशी, डिझेलचा उग्र दर्प, आणि गोड्या पाण्याचा असा दुष्काळ की प्यायला घोट मिळे, अंगाला थेंब नाही.

म्हणून पावसाची सर दिसली की सारे डेकवर धावत. पण धावत तेही रांगेने! वडीलधाऱ्यांआधी न्हाणीत पाय घालायचा नाही ही त्यांची घरची रीत. समुद्रावर ती हुद्द्याने चाले. आधी कप्तान हिराओका, मग अधिकारी, मग खलाशी, आणि सर्वांत शेवटी आचारी तोकुजी.

त्या दुपारी मेघमाला प्रसन्न झाली. शुभ्र धारा, शीतल धारा, अमृतधारा! कप्तानांनी सावकाश, साग्रसंगीत स्नान केले. अधिकारी गाणी गात न्हाले. तोकुजीची पाळी आली. त्याने केसांत, कानांत, भुवयांत, नखशिखांत साबण चोपडला, आणि पावसाने पाठ फिरवली.

तेवढ्यात टेहळ्या ओरडला, "विमान!" घंटा घणघणली, झाकण मिटले, पाणबुडीने बुडी मारली, आणि फेसाळलेला तोकुजी शिडीवरून घसरत थेट स्वयंपाकघरात पोहोचला.

पाताळातल्या उष्म्यात फेस वाळला. खारे पाणी लावले तर तो अधिकच चिकटला. बिचारा एका हाताने भात ढवळी, दुसऱ्याने पाठ खाजवी. रात्रीच्या भाताला साबणाचा सुगंध आला. कुणी हसले नाही. हसले असते तर तोंडातून बुडबुडे निघाले असते.

पण सकाळी तोकुजीच्या अंगावर लाल चट्टे उठले होते, डोळे सुजून मिटले होते. त्याला पाहून कप्तानांना फार वाईट वाटले. पाणबुडी वर आली. क्षितिजावर एकच ढग होता, इवलासा, उतावळा.

"तोकुजी, आज तू आधी."

तोकुजी मागे सरला. "आपल्याआधी? नको साहेब! आईला काय तोंड दाखवू?"

हुकूम झाला, विनवणी झाली. ढग जवळ आला, डेकच्या एका टोकावर सर कोसळू लागली. आचारी हलेना, ढग मात्र हलत होता.

मग कालच न्हालेले, कोरडे, करारी कप्तान हिराओका टोपीसकट धारेत घुसले. "झाली माझी अंघोळ!" म्हणत बाहेर आले. मागोमाग उपकप्तान, "झाली!" मग अभियंता, मग तोफची, मग अख्खे दल, बुटांसकट, धापा टाकत, हुद्द्याचा क्रम तसूभरही न मोडता पावसातून पळाले. झाली! झाली! झाली!

आणि सरीच्या अगदी शेवटच्या पदराखाली तोकुजी उभा राहिला. ढसाढसा रडला. साबण, घाम, आसवे, सारे एकाच धारेत वाहिले.

"कानामागे राहिलाय अजून," टोपी पिळत कप्तान हळूच म्हणाले.

पाणबुडीमागे फेसाची शुभ्र रेघ उमटली, शत्रूला कोसभरावरून दिसेल अशी. ती लांबत गेली, लांबत गेली, आणि त्या सकाळी युद्धाची कुणालाच घाई नव्हती.