सहीपुरतं सर्टिफिकेट
येवल्याच्या विणकर घरातला आवेज चंद्रपूरकडच्या भूमिगत कोळसा खाणीत कामाला होता. आता त्याला मायनिंग सरदार व्हायचं होतं, म्हणजे खाली उतरणाऱ्या टोळीचा जबाबदार माणूस. त्या परीक्षेला प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट लागतं. म्हणून सुट्टीत घरी आला, तेव्हा त्याने नाशकात द्वारका चौकाजवळचा एक क्लास गाठला.

क्लास चालवणाऱ्या दिनेशसरांनी खाणीचं नाव ऐकून घेतलं आणि त्याला धड बसूही दिलं नाही. "फोटो आणलाय? मग इथे सही करा. संध्याकाळी सर्टिफिकेट घेऊन जा."

"आणि शिकवणार कधी?"

"पुस्तक देतो ना. घरी वाचा." सर हसले. "अहो, तुमच्या खाणीतला खंडेराव सरदार आमच्याकडचाच. त्याचं काही अडलं का?"

आवेजचं डोकं सणकलं.

गेल्या वर्षी खाणीत छताचा दगड सुटला आणि टोळीतल्या, नाशिककडच्या पेठ गावच्या गोटीरामची मांडी फुटली. खंडेराव तिथेच होता. ओरडत इकडून तिकडे पळत होता, पण गोटीरामला हात लावत नव्हता. आवेजने गमछा दाबून धरला, पण नेमका कुठे दाबायचा हे त्याला तरी कुठे ठाऊक होतं? स्ट्रेचर येईपर्यंत गोटीराम पाणी मागत मागत गार पडला. तेव्हापासून आवेज खंडेरावला भित्रा म्हणत आला होता. भित्रा कसला! त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

आवेज सरळ फरशीवर आडवा झाला. "सर, माझी मांडी फुटलीय. रक्त थांबवा."

"हे काय नाटक लावलंय?"

"थांबवा म्हणतो ना!"

बाहेर सहीसाठी थांबलेले लोक दारात गोळा झाले. त्यांच्यादेखत सरांनी कपाटातून पट्टी काढली. पाकीट फुटेना, तेव्हा दातांनी फाडलं. मग गुडघ्याभोवती कसेबसे दोन वेढे दिले.

"मेलो मी," म्हणत आवेज उठला. पट्टी ओरबाडून त्याने टेबलावर फेकली. "तुमच्या सहीवर आमचा माणूस गेला, सर."

त्याने तक्रार केली. क्लासची पाटी उतरली आणि थोड्याच दिवसांत दुसऱ्या नावाने परत लागली. इकडे सर्टिफिकेटाअभावी त्याची त्या सालची परीक्षा हुकली. "एक सही केली असतीस तर काय बिघडलं असतं?" त्याची आई रेहाना पुन्हा पुन्हा म्हणायची. तो तिच्यावरही खेकसला. मग एका दवाखान्यात त्याने हाताला सवय होईपर्यंत पट्ट्या बांधल्या, शिकूनच सर्टिफिकेट मिळवलं आणि पुढच्या वर्षी तो सरदाराची परीक्षा पास झाला.

निकाल लागल्यावर तो पेठला गेला. गोटीरामची बायको मालनबाई शेतात नागलीची, म्हणजे नाचणीची, रोपं लावत होती.

"वहिनी, आता मला रक्त थांबवता येतं," तो म्हणाला.

तिने हातातली रोपं चिखलात खोवली. "आता येतं. तवा कुणालाच का नाय आलं?"

"कुणी शिकवलंच नाय, वहिनी," तो म्हणाला, आणि त्याच्या मुठी आवळल्या.