अकरा नंबरची जुडी

कारखान्यात त्याला सगळे तराजू म्हणत. सिगार ओढून तिचा दर्जा ठरवायचं काम त्याने एकतीस वर्षं केलं आणि एवढ्या वर्षांत कुणाच्या भिडेपोटी एकही सिगार पास केली नाही, म्हणून हे नाव. मालकाने हौसेने आणलेल्या तंबाखूला त्याने मालकाच्या तोंडावर "ओल्या पोत्यासारखी लागते" म्हटलं होतं, आणि मालकाने ती मुकाट्याने परत पाठवली होती.

त्याची बायको त्याच कारखान्यात सिगारी वळायची. लग्नाच्या आधीपासून खिडकीजवळच्या बाकावर बसायची. उद्या कुणी बोट दाखवायला नको, म्हणून त्यानेच मुकादमाला सुचवलं होतं की वळणाऱ्या बायकांची नावं माझ्या टेबलावर येऊ देऊ नका. तेव्हापासून प्रत्येकीला नंबर मिळायचा आणि तो दर महिन्याला बदलायचा. बायको घरी हसून म्हणायची, "अहो, आज माझी कुठल्या नंबरखाली नापास केलीत?" तो म्हणायचा, "तुझी नापास झाली असती तर मला कळलं असतं."

दोन वर्षांपूर्वी ती गेली. आधी हातातली ताकद गेली, मग पायातली, शेवटी श्वासाची. कप हातातून सुटून फरशीवर फुटला त्या सकाळी तिने पहिल्यांदा सांगितलं, की बोटं ऐकत नाहीत. डॉक्टर म्हणाले होते, या आजाराला औषध नाही, लवकर आला असतात तरी फारसा फरक पडला नसता. त्या वाक्याचा त्याने पुढे बराच आधार घेतला.

तो निवृत्त झाला त्या दिवशी दुपारी चारला चाखायच्या खोलीत सगळे जमले. मुकादम होता, तराजूच्या जागी येणारी नवी परीक्षक होती, बायकोच्या शेजारच्या बाकावरची तिची मैत्रीण होती. बोलायला लागली की थांबायची नाही, म्हणून तिला बडबडी म्हणत. न्यायला आलेली लेक दाराशी उभी होती. मुकादमाने कपाटातून पंचवीस सिगारींची एक जुडी काढून टेबलावर ठेवली.

"वहिनींनी तुमच्यासाठी वळून ठेवली होती," तो म्हणाला. "निवृत्तीच्या दिवशी द्या म्हणाल्या होत्या. साडेतीन वर्षं जपलीय."

जुडीच्या फितीवर तिच्या अक्षरात महिना, वर्ष आणि त्या महिन्याचा तिचा नंबर होता. अकरा.

तराजूने एक सिगार उचलली. सवयीने कानाशी नेऊन बोटांत दाबली, टोक कापलं, न पेटवता एक झुरका घेतला. हवा आलीच नाही. त्याला वाटलं, आपलाच श्वास अडकलाय. त्याने ती पेटवली. एक बाजू भराभर जळाली, दुसरी तशीच राहिली. ओढायला गालफडं आत जाईपर्यंत जोर लावावा लागत होता, आणि एवढं करून तोंडात आला तो करपलेला, जीभ आखडून टाकणारा कडवटपणा. पान उत्तम होतं, ते त्याला कळलं. वळणी वाईट होती.

"काय सुवास आहे," मुकादम म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

तराजूने आणखी दोनदा ओढून पाहिली. मग ती खाली ठेवली. "ओढ नाही," तो म्हणाला.

"अहो, आजच्या दिवस तरी राहू द्या," मुकादम म्हणाला.

"पान तिनेच निवडलंय, ते चांगलं आहे. पण वळणी तिची नाही."

त्याने जुडीतली दुसरी सिगार घेतली आणि पात्याने उभी चिरली. नापास मालाचं तो नेहमी असंच करी. आत प्रत्येक पान वेगळं, नळीसारखं गुंडाळलेलं असायला हवं. मधल्या फटींतून धूर येतो. ते बोटांचं काम असतं. इथे सगळी पानं एकावर एक ठेवून वहीसारखी दुमडली होती आणि मधे गाठ बसली होती. नवशिक्या बायका असं करतात. तिने आयुष्यात असं केलं नव्हतं. बाहेरचं पान मात्र टोकाशी डावीकडे वळवून चिकटवलं होतं. ती डावखुरी होती. म्हणजे तिचीच.

त्याने पुन्हा फितीवरचा महिना वाचला. कप फुटला त्याच्या सात महिने आधीचा.

कुणी काही बोलायच्या आत तो उठला आणि फडताळातून त्या वर्षाची नोंदवही काढली. त्या महिन्यात अकरा नंबरपुढे त्याच्याच अक्षरात तीन शेरे होते. 'ओढ जड.' 'एकांगी जळते.' तिसरा जरा लांब होता: 'हात ढिला पडलाय, लक्ष नाही. समज द्यावी.'

"समज दिली होती का?" त्याने विचारलं.

मुकादमाने मान खाली घातली. "चिठ्ठी दिली होती. तुमचीच."

तराजू बडबडीकडे वळला. ती एवढा वेळ गप्प होती, हेच मुळात नवल होतं. "तुम्ही शेजारी बसायचात. तुम्हाला माहीत होतं?"

"होतं, भाऊजी," ती म्हणाली. "आधी मुंग्या यायच्या, मग पकडच राहीना. मी म्हटलं, घरी सांग. तर म्हणाली, मी कशाला सांगू, त्यांना कळेल. पान जरा जास्त वाळलं तरी ओळखतात, माझा हात ओळखणार नाहीत का? रोज म्हणायची, आज विचारतील."

"आणि चिठ्ठी आली तेव्हा?"

"वाचली. हसली थोडी. म्हणाली, बघ, बरोबर पकडलंय." बडबडीने डोळ्यांना पदर लावला. "मग कमरेला खोचली आणि पुढची सिगार वळायला घेतली."

तराजू खुर्चीत बसला. त्याला त्या सात महिन्यांतल्या सकाळी आठवायला लागल्या. ती दोन्ही हातांनी भांडं उचलायची. लेकीकडून वेणी घालून घ्यायला लागली होती. त्याने सगळं पाहिलं होतं. विचारलं काहीच नव्हतं.

नव्या परीक्षक बाईंनी हळूच नोंदवही पुढे ओढली. "सर, हा शेवटचा शेरा खोडू का? कुणाला कळणार नाही."

"नको. सिगारबद्दल लिहिलंय ते बरोबर आहे."

माणसं एकेक करून निघून गेली. लेक आत आली, त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसली.

"बाबा, घरी चल."

"तिने वाट पाहिली गं माझी," तो म्हणाला. "सात महिने. माझ्याच टेबलावर रोज येत होती."

लेकीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. परीक्षक कधी सिगार पूर्ण ओढत नाही. तिसरा हिस्सा झाला की ठेवून देतो. तराजूने विझलेली पहिली सिगार उचलली आणि ओठांत धरली. ती पाच वेळा विझली. पाचही वेळा लेकीने काडी ओढून दिली, आणि बोटांना चटका बसेपर्यंत तो ती ओढत राहिला.