खिडकीची जागा

स्टेशनच्या पूर्वेला खाडीचं खाजण मातीने भरून चाळ उठवली तेव्हा काशीरामने गवंड्याला एकच गोष्ट बजावली होती. खोल्या पाठीला पाठ लावून घ्यायच्या. बारा इकडे तोंड करून, बारा तिकडे, मधे एकच भिंत.

"आनि खिडकी?" गवंडी श्रीरंगने विचारलं.

"दार हाय ना! दारातून वारा येत नाय काय?"

चाळीवर लेकीचं नाव रंगवलं, 'तेजस्वी निवास', आणि काशीराम गिरीजला आपल्या वाडीत परतला. तिथल्या घराला चारी अंगांनी खिडक्या, पुढे ऐसपैस पडवी, केळीतून दिवसभर वारा. ते घर त्याच्या आज्याने बांधलं होतं. आज्याला भाडेकरू ठेवायचे नव्हते.

पुढे तेजस्वीचं लग्न झालं आणि ती त्याच चाळीत नऊ नंबरात राहायला आली. जावई जितेश वालीवला गाळ्यात मशीनवर होता, काम जवळ पडायचं. "मी घरजावई नाय, चाळजावई," असं तो चारचौघांत सांगून हसायचा. खोलीत भरदुपारी दिवा लागायचा. टँकर आला नाही की हात धुवायचे वांधे. एका खोलीत कोणी शिंकलं तर तिसऱ्या खोलीतून "सत्य आहे" ऐकू यायचं.

दोन हजार नऊच्या ऑगस्टात स्वाइन फ्लू आला. पेपरवाले पुण्या-मुंबईचे आकडे छापत होते. खाजणातल्या चाळी मोजायला कोण येतंय? गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी तेजस्वी तापाने फणफणली. सातवा महिना चालू होता.

गिरीजला तिच्या आईने, हंसाने, चुलीवरची कढई खाली उतरवली आणि नवऱ्यापुढे उभी राहिली. "तिला घेऊन या. पडवीत बाज टाकते. मोकल्या हवेत पोर श्वास तरी घेल."

"घरात गनपती, पावने, बारकी पोरं. ती ताप घेऊन येल. पाच दिवस जाऊ दे. गनपती उठले की मी सोता रिक्षा घेऊन जातो."

"ती पोर हाय तुमची, का नऊ नंबरची भाडेकरीन?"

काशीरामने झांजा उचलल्या. आरतीची वेळ झाली होती.

चाळीच्या तोंडावरच्या डॉक्टरने "सीझनच आहे" म्हणत गोळ्यांच्या पुड्या बांधून दिल्या. चौथ्या दिवशी तेजस्वीचा फोन आला. दोन शब्द बोलायची, थांबायची.

"बाबा... उठले का गनपती?"

"उद्या, बाय. उद्या येतो."

तो आला. विसर्जन करून, ओल्या धोतरानेच आला. तेजस्वी भिंतीला टेकून बसली होती, ओठ निळे पडलेले. आडवं झालं की गुदमरायला व्हायचं म्हणून दोन रात्री ती तशीच बसून होती. मुंबईच्या सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत पोटातलं हलायचं थांबलं होतं. सकाळी तीही गेली. तपासणीचा कागद तिच्या दहाव्याला आला. तोच ताप होता.

आणि गिरीजला? तोच ताप दादरच्या पाहुण्यांनी गणपतीलाच आणला होता. चौघं आजारी पडली. काशीरामची आई जिजा, सत्तरी ओलांडलेली, आठ दिवस पडवीत बाजेवर पेज पीत पडून राहिली आणि उठून केळीच्या आळ्यात पाणी सोडायला लागली. "मला नेलं नाय, तिला नेलं," म्हणत म्हातारी बांधावर बसून रडायची.

काशीराम ते रडणं ऐकत होता. तेराव्याचं जेवण उरकलं तसा तो पहार घेऊन चाळीत गेला. जितेश उंबऱ्यात बसला होता. त्याने सरकून सासऱ्याला वाट दिली.

जिथे तेजस्वी टेकून बसायची तिथेच काशीरामने पहार घातली. प्लास्टर गळालं. एक वीट निघाली, दुसरी निघाली. घामाने डोळे चुरचुरत होते, तरी थांबला नाही. डोकं जाईल एवढं भगदाड पडलं, आणि पलीकडे पिवळा दिवा दिसला. दिव्याखाली यमुना. एकवीस नंबरची. मांडीवर पोर घेऊन घाबरून बघत होती.

"काका? काय करताय हे?"

"खिडकी," काशीराम म्हणाला. "खिडकी पाडतोय."

"अहो, हे आमचं घर आहे."

मांडीवरचं पोर खोकायला लागलं. खोल, छातीतून. यमुना त्याची पाठ चोळत राहिली.

"आमच्याकडे पण नुसतं दारच आहे, काका."