चालली तरच भंगारात

सरकारचं म्हणणं असं, की जुन्या डिझेल गाड्या धूर ओकतात, त्या मोडीत काढा, आम्ही अनुदान देतो. ठीक आहे, देताय तर द्या. पण अट काय, तर मोडीत काढायच्या आधी गाडी स्वतःहून सुरू झाली पाहिजे. ढकलून नाही, दुसऱ्या गाडीने ओढून नाही. तपासणीला माणूस येणार, त्याच्यासमोर किल्ली फिरवायची. इंजिन लागलं तर अनुदान, नाही लागलं तर बसा बोंबलत. म्हणजे सरणावर चढायचं असेल तर आधी धडधाकट होऊन या. हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला एकदा माझ्यासमोर आणून उभा करा.

मी बोंग-इम. डोंगरातल्या वाड्यांवर ट्रकमधून किराणा विकते. तोफू, मोड आलेलं सोयाबीन, खारवलेले बांगडे, बॅटरीचे सेल, शेतात घालायचे हातमोजे. वर सगळ्या म्हाताऱ्याच राहतात, कुणाचे गुडघे गेलेत, कुणाची कंबर. बस केव्हाच बंद झाली. माझा भोंगा ऐकला की त्या काठी टेकत रस्त्यावर येतात आणि या वेळी तोफूची वडी लहान का म्हणून माझ्याशी भांडतात. नवरा गेल्यापासून हाच माझा संसार. आता नवीन ट्रक ठरवला होता, तो या अनुदानाच्या भरवशावर. अनुदान नाही तर ट्रक नाही, आणि ट्रक नाही तर इंचॉनला मुलाच्या चौदाव्या मजल्यावर जाऊन सुनेच्या स्वयंपाकघरात पाहुणीसारखं बसायचं. मुलगा तर त्याचीच वाट बघत होता.

आणि तपासणी तोंडावर आलेली असताना माझा ट्रक बंद पडला.

गॅरेजवाला गू माझ्या नवऱ्याचा दोस्त. त्याने पुढच्या सीटच्या पायापाशी हात घालून एक चपटा डबा काढला, उघडला आणि माझ्या नाकासमोर धरला. इंजिनाला डिझेल कधी आणि किती द्यायचं ते हा डबा ठरवतो. आत सगळं हिरवं पडलेलं आणि वर बांगड्याचा वास. बांगडे आधी खपतात म्हणून त्यांची पेटी मी पुढच्या सीटवर ठेवायची, तिचं खारं पाणी वर्षानुवर्षं खाली झिरपत होतं. "वहिनी, तुम्ही याचं लोणचं घातलंत," गू म्हणाला. मी म्हटलं, आधी दुरुस्त कर, अक्कल नंतर शिकव. पण दुरुस्त होण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

नवा मिळेना. कंपनीने तो डबा बनवणंच सोडलंय. भंगारवाल्यांकडे विचारलं, तर असा डबा ज्यांच्यात मिळाला असता ते सगळे ट्रक याच अनुदानापायी मोडले गेलेत आणि त्यांचे सुटे भाग कंटेनरात भरून परदेशी गेलेत. तिकडे आमचे ट्रक अजून धावतात म्हणे. तिकडे त्यांचा धूर होत नाही वाटतं. एका भंगारवाल्याने तर फोनवर मलाच सल्ला दिला, आजी, आता नवी गाडी घ्या की. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे मेल्या, नवी घ्यायची म्हणूनच तर जुन्या गाडीचा डबा शोधत फिरतेय.

कचेरीत गेले. खिडकीतली मुलगी इतकी गोड बोलते की भांडायची सोयच नाही. गाडी सुरू होत नसेल तर ती धूर करत नाही, आणि धूर करत नसेल तर अनुदान कशाबद्दल, असं तिने मला समजावलं. मी म्हटलं, बाई, दुरुस्त केली की करेल धूर, मग द्याल? हो, मग देऊ, म्हणाली, आणि वर दोन्ही हातांनी मला कॉफी दिली.

हे सगळं गाऱ्हाणं मी वाडी-वाडीत सांगत होते. गूची गाडी उसनी घेऊन माल विकत होते आणि सोबत सरकारचा उद्धार करत होते. सगळ्यात वरच्या बामगोल वाडीत सोक आजोबांच्या अंगणात तर जरा जास्तच केला. सोक म्हणजे ऐंशी ओलांडलेला, एकटा राहणारा, पहिल्या नंबरचा चिक्कू म्हातारा. शेजाऱ्याला कुदळ देत नाही, गंजका खिळा देत नाही. त्याच्याकडे माझ्याच ट्रकच्या जोडीचा निळा ट्रक. कुणाला न विचारता, कुणाची मिनतवारी न करता तो चालवत बाजाराला जाता येतं, एवढंच त्याचं ऐश्वर्य. एरवी माझं बोलणं अर्ध्यावर तोडणारा हा माणूस त्या दिवशी शेवटपर्यंत ऐकत बसला. सुरूच झाली नाही तर घेत नाहीत का, असं पुन्हा पुन्हा विचारलं. नाहीच घेत, मी म्हटलं. मग म्हणाला, "माझ्या गाडीचा डबा काढून ने."

माझा कानांवर विश्वास बसेना. तपासणी झाली की त्याच दिवशी परत आणते म्हटलं, तर उलट माझ्यावरच भडकला. घाई कसली, महिनाअखेरपर्यंत राहू दे, मी काय तो शिजवून खाणार आहे? मला भरून आलं. मी त्याला तोफूची वडी फुकट दिली, ती मात्र त्याने लगेच आत नेऊन ठेवली.

गूने डबा बसवला, आणि माझा ट्रक असा सुरू झाला, जणू कधी बंद पडलाच नव्हता. तपासणीवाला पांढरे हातमोजे घालून आला होता. त्याने कान देऊन ऐकलं, मान डोलावली, पास म्हणाला. इतका चांगला ट्रक मोडीत का काढताय, असंही विचारलं. मी दात आवळून गप्प राहिले, कारण पैसे अजून यायचे होते. मग गूने डबा काढून घेतला आणि माझा ट्रक दोराने ओढत भंगारात नेला. त्या वेळी ओढून चालत होतं.

दुसऱ्याची वस्तू घरात असली की मला अन्न गोड लागत नाही. महिनाअखेर गेली उडत, असं म्हणून मी डबा पिशवीत घातला आणि गूला घेऊन बामगोलला गेले. अंगणात दोन परक्या गाड्या. एक सोकच्या मुलाची. तो देगूला राहतो, त्याचं नाव ग्यु-चल. दुसरी त्याच हातमोजेवाल्याची. ग्यु-चल निळ्या ट्रकमध्ये बसून किल्ली फिरवतोय आणि ट्रक ढिम्म. म्हातारा ओसरीवर लसूण सोलत बसलेला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वडिलांचा सहीऐवजी मारायचा शिक्का मुलाकडे असतो. म्हाताऱ्याने मागे कुठेतरी गाडीचा आरसा घासला एवढं निमित्त धरून त्याने गाडी मोडीत काढायचा परस्पर अर्ज ठोकला होता. आणि मी ओरडून सांगितलेला नियम म्हाताऱ्याने नीट गाठीला बांधला होता. माझा ट्रक सुरू झाल्याशिवाय मरत नव्हता, त्याचा सुरू झाला नाही तर जगणार होता. आवळा देऊन कोहळा काढला होता मेल्याने. आणि मी चार वाड्यांत सांगत सुटले होते की सोक आजोबा देवमाणूस आहेत.

ग्यु-चल खाली उतरला. डब्याची रिकामी जागा त्याला दिसली होती. डबा कुठंय, तुम्ही काढलात का, कुठे ठेवलात, असं त्याने विचारलं. म्हातारा म्हणाला, आठवत नाही.

मग ग्यु-चल हातमोजेवाल्याला सांगू लागला, बाप जणू तिथे नव्हताच. बघा, हे असं झालंय. वस्तू काढतात, कुठेतरी टाकतात आणि विसरतात. आता यांना एकटं ठेवण्यात अर्थ नाही, याच आठवड्यात देगूला नेतो, तिथे म्हाताऱ्यांचा दवाखाना बघून ठेवलाय, या घराचंही काहीतरी करून टाकतो. म्हाताऱ्याचा हात थांबला. त्याने एकदा माझ्या पिशवीकडे बघितलं आणि पुन्हा लसूण घेतला.

तो का गप्प होता ते मला तेव्हा कळलं. डबा बोंग-इमकडे आहे, एवढं बोलला असता तर त्याचं डोकं ठिकाणावर ठरलं असतं. पण माझा ट्रक पास करणारा माणूस समोर उभा होता. गंजका खिळा न देणारा हा म्हातारा माझं अनुदान राहावं म्हणून वेडा ठरायला बसला होता. आता याला काय म्हणायचं? असले उपकार मला झेपत नाहीत, अंगाची नुसती लाही होते.

मी डबा काढून ओसरीवर आपटला.

"हा घ्या. आजोबांनी मला दिला होता, माझा ट्रक याच्यावरच पास झाला. त्यांना सगळं आठवतं. बापाचा शिक्का मारताना बापाला विचारायचं असतं, ते तुम्हाला आठवलं नाही."

मी हातमोजेवाल्याकडे वळून म्हटलं, करा काय करायचं ते. ट्रक गेला, नवाही जाईल, इंचॉनला जावं लागेल, हे सगळं मी मनात गिळून उभी होते. त्याने डबा उचलून पाहिला आणि परत ओसरीवर ठेवला.

"मावशी, मी जे विचारलं नाही ते मला सांगू नका," तो म्हणाला. "गाडी सुरू होते का, एवढंच मी बघतो."

म्हातारा माझ्यावरच उखडला. मधे नाक खुपसायला तुला कुणी सांगितलं होतं, चार दिवस वेडा म्हणवून घेतलं असतं तर माझं काय झिजणार होतं, देगूहून पळून आलो असतो. ग्यु-चलने मात्र संधी साधली. डबा मिळालाच आहे तर बसवा, म्हणाला. गूने माझ्याकडे बघितलं. मी काय बोलणार? गाडी म्हाताऱ्याची, डबा म्हाताऱ्याचा, आणि आम्ही तो बसवायलाच आलो होतो. गूने बसवला. पहिल्याच फटक्यात इंजिन लागलं. मला रागाने रडू यायचं बाकी होतं. म्हाताऱ्याचं नाव राखायला गेले आणि त्याचा ट्रकच मारून बसले.

हातमोजेवाला म्हणाला, आता थोडी पुढे आणि थोडी मागे घेऊन दाखवा. ग्यु-चल दाराकडे निघाला.

"मालक मी आहे," म्हातारा म्हणाला.

त्याने लसणाचे हात धुतले, आत जाऊन कोट-टोपी घालून आला आणि मुलाला बाजूला सारून वर चढला. पुढे घ्या, हातमोजेवाला म्हणाला. म्हाताऱ्याने पुढे घेतली. अंगणाबाहेर घेतली, वळणावर इंडिकेटर देऊन घेतली, उताराला लावली आणि बाजाराच्या रस्त्याने दिसेनासा झाला. बाबा, मागे घ्या, बाबा, मागे घ्या, असं ओरडत ग्यु-चल धुरातून धावत होता.

हातमोजेवाल्याने पेनला टोपण लावलं.

"मागे घेऊन दाखवल्याशिवाय पास करता येत नाही," तो म्हणाला.

"मग नका करू," मी म्हटलं.