फुफाट्यात उभी

माझी मुलगी जळकी रानं मोजते. हे वाक्य मी ओळखीपाळखीत इतक्यांदा सांगितलंय की आता लोक विचारेनासे झालेत. मस्कतमध्ये बाकीच्यांच्या मुली डेंटिस्ट होतात, सीए होतात, लग्नं करून डलासला जातात. आमची पूर्वा कॅनडाच्या पार उत्तरेला, जिथे रस्ते संपतात त्याच्याही पुढे, हेलिकॉप्टरनं जाते आणि जळलेल्या जंगलात राख किती खोल आहे ते पट्टीनं बघते. त्यात भर म्हणजे तिचा बाप इथल्या गाला औद्योगिक भागात आग विझवायचे पंप विकतो. बाप विझवणारा, मुलगी आगीच्या मागे धावणारी, आणि मधल्या मधे माझं डोकं तापलेलं. ते तसंही लवकर तापतं, तो भाग वेगळा.

तिनं मला समजावायचा प्रयत्न केला नाही असं नाही. आदल्या डिसेंबरात घरी आली होती तेव्हा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायची. तिकडची काही झाडं म्हणे आगीची वाटच बघत असतात. त्यांची बोंडं राळेनं घट्ट बंद असतात, आगीच्या धगीनं ती उकलतात आणि बी खाली राखेत पडतं. आग आली नाही तर ते जंगल म्हातारं होतं. पण हल्ली आगी फार लवकर लवकर येतायत, पोरझाडं बी धरायच्या आतच जळतायत, आणि मग पुढे जंगल उगवणार की नाही, हे तिला शोधायचंय. तिचा बाप, शिरीष, मान हलवत ऐकायचा. मी म्हणायचे, पोळी गार होतेय, आधी जेव. प्रत्येक फोनच्या शेवटीही माझं एकच पालुपद असायचं, पुरे झालं, आता ये घरी.

ही गोष्ट २०१४ च्या जुलैतली. रमजान चालू होता, बाहेर भाजून निघावं असं ऊन, आणि आमच्या अल खौदच्या फ्लॅटमधला हॉलचा एसी नेमका आदल्या दिवशी बंद पडला होता. शुक्रवार सकाळ. सासूबाई गावाहून, देवगडजवळून, दोन महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांना सुरमई हवी होती म्हणून मी आणि शिरीष सीबच्या बाजारात गेलो. मोबाइल माझ्या पर्समध्ये, पर्स गाडीत. मासळीच्या बाजारात मी मोबाइल नेत नाही, एकदा बर्फाच्या पाण्यात पडला होता.

परत आलो तर सासूबाई जमिनीवर, लँडलाइनच्या शेजारी बसलेल्या. रिसीव्हर अजून मांडीवर. त्यांचं नाव गंगुबाई, वय पंच्याहत्तरच्या पुढे, आणि त्या सहसा जमिनीवर बसत नाहीत, गुडघे धरतात.

"चेडवाचो फोन इल्लो," त्या म्हणाल्या. "चारय बाजूक आग आसा म्हणाला. 'आजी, मी काळात उभी आहे' म्हणाला. 'मी खलास' म्हणाला. आणि फोन बंद."

शिरीषच्या हातातली मासळीची पिशवी तशीच खाली टेकली. मी सासूबाईंच्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला, जणू पूर्वा अजून त्याच्या आत होती. मग पर्स शोधली. मोबाइलवर तिचे तीन मिस्ड कॉल. उपग्रहाच्या फोनचा तो लांबलचक नंबर. मी तो लावला, पुन्हा लावला, पुन्हा लावला. नुसती शांतता.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. मस्कतमध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाला खलास हा शब्द काही नवा नाही. भाजीवाला म्हणतो, टॅक्सीवाला म्हणतो, ऑफिसात माझा अर्बाब, म्हणजे मालक, दिवसातून पन्नासदा म्हणतो. पण त्या घटकेला तो माझ्यापर्यंत सासूबाईंच्या तोंडून आला होता, आणि आमच्या गावाकडे, मुंबईकडे, खलास म्हणजे एकच. माणूस मेला, संपला. चारी बाजूंना आग, समोर काळ उभा, आणि पोरगी शेवटचा फोन करून आजीला सांगतेय की मी संपले. आईला सांग. माझ्या डोक्यात दुसरा अर्थ आलाच नाही. यायला जागाच नव्हती.

शिरीषनं तिच्या प्रोफेसरांना फोन लावला. तिकडे मध्यरात्र, रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज. त्यानं ईमेल लिहायला घेतला आणि त्याला अक्षरं सापडेनात. मी त्याला नको नको ते बोलले. तूच पाठवलीस. तूच मान हलवत बसलास. तुझ्या त्या पंपांचा काय उपयोग. तो ईमेलवर वाकूनच राहिला, आणि त्याचा मला आणखी राग आला. सासूबाई देवघरापाशी सरकल्या आणि गावच्या देवाला गाऱ्हाणं घालायला लागल्या. इकडे त्यांचं गाऱ्हाणं, तिकडे माझी शिव्यांची लाखोली, आणि मधे सुरमईचं पाणी फरशीवर पसरत चाललेलं.

तेवढ्यात बेल वाजली. एसीवाला अमीन. त्याला आम्हीच बोलावलं होतं आणि साफ विसरलो होतो. परत जा म्हणायचंही सुचलं नाही. मी दार उघडं ठेवलं आणि आत वळले. तो बिचारा आमची तोंडं बघून काही न विचारता शिडी लावून कामाला लागला. आम्ही तिघं आतल्या खोलीत. मी फोन लावत होते, शिरीष बातम्या शोधत होता. त्या भागात बऱ्याच आगी लागल्यात एवढंच मिळत होतं, आणि ते तर आम्हाला आठवडाभर माहीत होतं.

काही वेळानं अमीन दारात येऊन उभा राहिला. हात पुसत, खाली मान घालून, हळूच म्हणाला, "खलास, मॅडम."

सासूबाईंनी जी किंकाळी फोडली ती खालच्या मजल्यावर गेली असणार.

"अरे देवा, ह्येका कोणी सांगितल्यान?"

अमीन घाबरून दोन पावलं मागे सरकला. मी विचारलं, काय खलास? तो म्हणाला, एसी, मॅडम, काम खलास, आता चालेल, गॅस भरला. आणि हॉलमधून खरोखरच गार हवा येत होती.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पूर्वाचा जन्म इथला. तिचं मराठी आमच्या घरात झालं तेवढंच, बाकी सगळं शाळेतलं इंग्रजी आणि बिल्डिंगखालचं हिंदी-अरबी. होमवर्क खलास, दूध खलास, परीक्षा खलास. लहानपणी आंघोळ करून बाहेर आली की टॉवेल गुंडाळून ओरडायची, मी खलास, म्हणजे माझं आटपलं. तिनं कधी आयुष्यात हा शब्द मरणासाठी वापरला नव्हता. तिला तो अर्थ ठाऊकच नव्हता.

मी सासूबाईंसमोर बसले आणि म्हटलं, आई, नीट आठवा, ती रडत होती का? त्या म्हणाल्या, नाय, दमल्यासारख्यां बोलत होता. शेवटी काय म्हणाली? सासूबाईंनी आठवून आठवून सांगितलं, "यल्ला, बाय, असां कायतरी म्हणाला."

मरणाऱ्या माणसानं यल्ला बाय, म्हणजे चला येते, असं म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

पण काळात उभी आहे, त्याचं काय? तेव्हा शिरीषचं तोंड एकदम उघडलं. काळात नाही गं, काळ्यात, तो म्हणाला. डिसेंबरात तिनं सांगितलं होतं. आगीवर काम करणारे लोक जळून गेलेल्या जागेला 'द ब्लॅक' म्हणतात. आग अंगावर आली तर पळायचं नाही, आधीच जळून गेलेल्या काळ्या जागेत जाऊन उभं राहायचं. तिथे जळायला काही उरलेलं नसतं. हे त्यानं टेबलाशी बसून ऐकलं होतं, मी तेव्हा पोळ्या वाढत होते.

आगीतून फुफाट्यात, असं आपण कुणाचं आणखीच वाईट होतं तेव्हा म्हणतो. फुफाट्यात जीव वाचतो हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

अमीन अजून दारातच होता. त्याला सगळं सांगितलं तेव्हा त्यानं दोन्ही हात वर करून अल्लाचं नाव घेतलं. पाणी देऊ केलं तर रोजा आहे म्हणाला. तो गेल्यावर मी फरशी पुसली, सुरमई धुतली. अजून काही नक्की नव्हतं. अंदाजावर आईचं काळीज ठरत नाही. दुपार तशीच गेली, कुणी जेवलं नाही.

उन्हं कलल्यावर फोन आला. पूर्वाच होती, तिकडच्या एका गावातल्या साध्या फोनवरून. मी स्पीकर लावला. ती भडाभडा बोलायला लागली, अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी. वारा फिरला, आग दोन बाजूंनी आली, तंबू गेले. सहा जण होते. दोन वर्षांपूर्वी जळालेली तिची जागा, जी ती दर उन्हाळ्यात मोजते, ती जवळच होती. सगळे तिथे धावले. आग आली, त्या जागेला वळसा घालून गेली. पायाखाली राख, तोंडावर ओले रुमाल, रात्रभर. सकाळी हेलिकॉप्टर आलं.

मी तिला आजीनं काय ऐकलं ते सांगितलं. ती हसत सुटली. शिरीष हसला. मीही हसले, पोट दुखेपर्यंत. आणि मधेच तिचं हसणं थांबलं.

"मम्मा," ती म्हणाली, "आजीनं तसं ऐकलं ना, ते फार राँग नव्हतं. रात्री मी पण तेच समजले होते, की आता आपण मरणार."

पुरे झालं, ये घरी, हे माझं नेहमीचं तोंडपाठ वाक्य या वेळी आलं नाही. शिरीष माझ्याकडे बघत होता, तेच येणार म्हणून. तेवढ्यात सासूबाई पुढे सरकल्या आणि फोनवर वाकल्या.

"पूर्वा, मराठीत नीट सांग. जिवंत आसय ना तू?"

"जिवंत म्हणजे काय, आजी?"

"खलासच्या उलटां," सासूबाई म्हणाल्या.

ती नाक ओढत हसली. मग शाळेत कविता म्हणायची तशी, एकेक शब्द सुटा करून, म्हणाली, "मी जिवंत आहे."

"परत म्हण."

"मी जिवंत आहे, आजी."

सासूबाईंनी मला पुढे ओढलं आणि म्हणाल्या, आता आवशीक सांग. पूर्वानं मलाही सांगितलं. एकदा ऐकून माझं भागलं नाही, तीन वेळा म्हणायला लावलं.